उकळणारा दगड

विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी दगड फोडताना काळ्या पाषाणातील पोकळ्यांत पांढरे, चकाकणारे खडे सापडतात. मुले ते हौसेने वर्गात आणतात. "गारगोटी आहे" असे सांगून आपण मोकळे होतो. पण त्या मूठभर खड्यांत तीन निरनिराळी खनिजे असू शकतात. खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, हे सिलिकॉन डायऑक्साइड. कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेट. तर स्टिलबाइटमध्ये कॅल्शियम, सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि शिवाय पाणी! रंग एकच, घटक वेगळे. मग ओळखायचे कशावरून? हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातील खनिजतज्ज्ञांपुढे होता.

स्वीडनमध्ये त्या काळी धातुपरीक्षक फुंकनळी वापरत. ज्योतीतून बारीक नळीने हवा फुंकली की ज्योतीचे प्रखर टोक खनिजाच्या कणावर रोखता येते. 1751 मध्ये निकेल शोधून काढणाऱ्या अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट यांच्याकडे उत्तर स्वीडनमधील एका तांब्याच्या खाणीतून आणि आइसलँडमधून काही खनिजे आली होती. फुंकनळीच्या ज्योतीत ती फसफसली, जणू उकळू लागली. 1756 मध्ये त्यांनी या खनिजांना ग्रीक शब्दांवरून 'झिओलाइट', म्हणजे 'उकळणारा दगड', असे नाव दिले. 1758 मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी खनिजांचे वर्गीकरण रासायनिक घटकांवरून केले. अनेक खनिजे मिळून झालेले खडक वेगळे आणि खनिजे वेगळी, हेही त्यांनी स्पष्ट केले.

पण खाणीत उतरलेल्या माणसाजवळ प्रयोगशाळा कुठून असणार? जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या वेर्नर यांनी 1774 मध्ये रंग, चकाकी, काठिण्य, जडपणा अशा बाह्य लक्षणांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचेच शिष्य फ्रीडरिश मोह्‌स यांनी 1812 मध्ये दहा खनिजांची काठिण्यश्रेणी तयार केली. या श्रेणीत कॅल्साइट तिसरे, क्वार्ट्‌झ सातवे. क्वार्ट्‌झने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. आपल्या वर्गातील पहिला गुंता येथेच निम्मा सुटतो.

तर मग लक्षणे महत्त्वाची की रसायन? 1788 मध्ये क्लाप्रोट यांनी कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट यांचे पृथक्करण केले. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच निघाले! पण त्यांचे स्फटिक अगदी निराळे होते. म्हणजे नुसत्या घटकांवरूनही ओळख पुरी होत नाही. याचा खुलासा होण्यास 1912 साल उजाडावे लागले. त्या वर्षी लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवण्यात आले आणि पुढे अणूंची मांडणी कळू लागली. झिओलाइटचे कोडेही त्यामुळेच सुटले. त्यांत सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी असते. जाळीतील पोकळ्यांत पाणी साठलेले असते. तापवले की ते वाफ होऊन बाहेर पडते. क्रोन्स्टेट यांनी पाहिलेली 'उकळी' ती हीच.

दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी त्यात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या पाण्यातून त्यांत ही खनिजे साकळली.

आता आपणच परीक्षा घेऊन पाहू. आधी काचेवर ओरखडा काढून बघावा. ज्याने तो उठत नाही, त्याच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. जोरात फसफसले तर कॅल्साइट. उरलेल्या खड्याचा बारीक चुरा कोरड्या परीक्षानळीत घेऊन तोंड किंचित खाली कलते धरून तापवावा. कण उडण्याचा संभव असल्याने शिक्षकांनी संरक्षक चष्मा लावून ही कृती स्वतः करावी. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले तर खडा झिओलाइट असण्याचा संभव मोठा. मात्र त्याच पोकळ्यांत सापडणारे अ‍ॅपोफिलाइट झिओलाइट नसूनही पाणी सोडते. म्हणून 'झिओलाइटच' असे ठामपणे सांगण्यापूर्वी स्फटिकाचा आकारही पाहावा.

मुलांना नाव सांगण्यापूर्वी या परीक्षा त्यांच्यासमोर झाल्या, तर 'गारगोटी' हे उत्तर कुठे खरे आणि कुठे चूक, ते त्यांचे त्यांनाच कळेल.