सांगड : वाहनावर वाहन चढवण्याच्या विद्येची कुळकथा

एखादे अवजड वाहन दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर चढवून, साखळदंडांनी आवळून आणि भाडे मोजून मुक्कामी नेणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, पिवळे पोकलेन घेऊन मुंबई-गोवा महामार्गावरून सावकाश जाणाऱ्या बुटक्या ट्रेलरकडे कोणी मान वळवून पाहत नाही. ही विद्या मोटारीबरोबर जन्मली असा सर्वसाधारण समज असला, तरी रत्नागिरी जिल्ह्यापुरता तो खरा मानता येत नाही. बाणकोटच्या खाडीपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत हा किनारा जागोजाग चिरलेला असल्यामुळे वाहनालाच वाहन शोधण्याची पाळी येथे पक्क्या रस्त्यांच्याही आधी आली, आणि त्या सोयीचे जुने मराठी नाव आजही रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असते. फक्त बोलणाऱ्याला त्यातले पाणी दिसत नाही. ते नाव म्हणजे सांगड.

‘शिक्षण आणि उद्योग यांची सांगड’ असे भाषणात म्हणणाऱ्याच्या मनात दोन गोष्टींचा मेळ एवढाच अर्थ असतो, परंतु मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि वाढवलेली दुसरी १८५७ साली निघाली, या शब्दाचा अर्थ दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा असा दिला आहे, आणि पोहण्यासाठी जोडून घेतलेल्या दोन भोपळ्यांनाही हाच शब्द लावला आहे. शब्दाचे मूळ संस्कृत ‘संघाट’ हे असून त्याचा अर्थ लाकडाला लाकूड बसवून जोडणे असा होतो. पालीत त्यालाच तराफ्याचा अर्थ मिळाला, प्राकृतात ‘संघाड’ म्हणजे जोडी झाली आणि मराठीत ‘सांगड’ आली. दक्षिणेकडे हाच शब्द मल्याळममध्ये ‘चंगाडम’ आणि तुळूमध्ये ‘जंगल’ या रूपांनी जोडहोडीसाठी रुळला, मलबारात उतरलेल्या पोर्तुगीजांनी त्याचे ‘जंगाडा’ केले, आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर शिडाच्या तराफ्याला आजही जंगाडाच म्हणतात. त्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गवर्णनात पूर्व किनाऱ्यावरील ‘संगर’ नावाच्या मोठ्या जोडनौकांचा उल्लेख येतो, आणि ‘संगर’ हे याच कुळातले रूप असावे असे अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात कोकणपट्टीवरील बंदरांची जी यादी आहे, तिच्यातील मेलिझेइगर हे जयगड किंवा राजापूर असावे असा तर्क केला जातो. म्हणजे शब्द आणि बंदर ही दोन्ही एकाच पोथीत, पण दोन वेगळ्या किनाऱ्यांवर नोंदली गेली.

एका होडीऐवजी दोन का लागतात, हे समजल्याशिवाय या कुळकथेचा पुढचा भाग उलगडत नाही. होडी अरुंद असते आणि तिचे वजन पाण्याच्या पातळीखाली असते तोवर ती डुलली तरी सावरते, पण तिच्यावर बैलगाडी किंवा जीप उभी केली की भाराचा मध्य काठाच्या वर जातो, आणि मग थोडीशी कलंडलेली होडी सावरण्याऐवजी अधिकच कलंडते. मासेमारीच्या होडीला बाजूने जोडलेले लाकूड, ज्याला कोकणात उलांडी म्हणतात, ते हाच दोष काढण्यासाठी असते. सांगड हा त्याच उपायाचा मोठा भाऊ होय. दोन होड्यांमध्ये अंतर ठेवून वरून आडवे वासे टाकले, वाशांवर फळ्या अंथरल्या आणि सारे काथ्याच्या दोरांनी आवळले, की तळाची एकूण रुंदी वाढते आणि भार उंच असूनही उलटत नाही. अट एवढीच, की गाडी नेमकी दोन होड्यांच्या मधोमध उभी राहिली पाहिजे आणि प्रवासात जागची हलता कामा नये. भार मधोमध ठेवणे, घट्ट बांधणे आणि रुंदीचा हिशेब आधी करणे, हे तीन नियम पुढे लोखंड आले, इंजिन आले, रूळ आले तरी कोणाला बदलता आले नाहीत.

खाडी ओलांडून देण्याच्या या व्यवस्थेला कोकणात ‘तर’ म्हणत. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींविषयी स्वतंत्र कायदा झाला, सार्वजनिक तरी सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यांचा मक्ता देण्याची रीत पक्की झाली. याचा एक परिणाम असा की, वाहनाने वाहन नेण्याचे भाडे नावाड्याशी घासाघीस करून ठरण्याऐवजी माणूस, जनावर, गाडी अशा वर्गवारीने ठरू लागले. बैल सोडायचे, जू खाली ठेवायचे, गाडी माणसांनी ढकलत फळ्यांवर घ्यायची आणि चाकांपुढे-मागे दगड लावायचे हा त्या चढवण्याचा क्रम; भरती असेल तर फळी जवळजवळ सपाट, आणि ओहोटीला तीच फळी एखाद्या घाटासारखी उभी. ‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण दैव पालटण्यासाठी वापरली जाते, पण ती घडवणाऱ्याने दोन्ही देखावे एकाच धक्क्यावर पाहिले असावेत असे वाटल्याशिवाय राहत नाही.

पूल होत गेले तशा तरी आटत गेल्या, मात्र खाड्यांच्या मुखाशी पूल बांधणे खर्चाचे असल्याने तेथे जुनी पोकळी तशीच राहिली. २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंग या दापोली परिसरातील संस्थेने वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ ते धोपावे अशी मोटारी नेणारी फेरीबोट सुरू केली, आणि चिपळूणच्या वळशाने जाणारा रस्ता काही मिनिटांच्या पाण्यावर आला; पुढे बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडला आणि शास्त्रीच्या मुखावर जयगड-तवसाळ येथेही अशा बोटी चालू लागल्या. सपाट तळाची, रुंद छातीची आणि पुढची झडप धक्क्यावर टेकवून मोटारींना थेट आत घेणारी ही बोट पाहिली की सांगडीच्या दोन होड्यांमधली मोकळी जागा लोखंडाने भरून काढली आहे इतकेच वाटते. स्थानिक लोक आणि वर्तमानपत्रे तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. अरण्याशी तिचा काहीही संबंध लावता येत नाही. उलट तुळूतील ‘जंगल’ म्हणजे जोडहोडी आणि केरळात मोटारी नेणाऱ्या बोटीचे चालू नाव ‘जंकार’ हे ध्यानात घेतले, तर सांगडीचीच दूरची नात दक्षिणेचा फेरा करून, नाव बदलून माहेरी आली असे म्हणण्यास पुरेशी जागा आहे.

पाण्यावरची ही विद्या रुळांवर चढली ती मात्र युरोपात. इंग्लंडमध्ये रेल्वे नवी असताना धनिक लोक आपली घोडागाडी सपाट डब्यावर चढवून, स्वतः तिच्यातच बसून प्रवास करीत. १८५० साली स्कॉटलंडमधील फोर्थ खाडीवर ‘लेव्हायथन’ नावाची बोट रेल्वेचे मालडबे घेऊन जाऊ लागली, आणि तिच्यासाठी टॉमस बाउच या अभियंत्याने भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली सरकणारा उतार रचला. कोकणातल्या नावाड्याला छळणाऱ्या उभ्या फळीवरचा तो यांत्रिक तोडगा होता. अमेरिकेत १८७२ पासून बार्नमच्या सर्कशीचे रथ आगगाडीच्या एका टोकाकडून चढवून, डब्या-डब्यांमधील फटींवर पट्ट्या टाकून शेवटपर्यंत ओढत नेले जाऊ लागले, आणि तेथील रेल्वेच्या बोलीत या पद्धतीला सर्कशीचेच नाव चिकटले.

नेमकी हीच पद्धत कोकण रेल्वेने उचलली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला, आणि बरोबर एका वर्षाने, २६ जानेवारी १९९९ रोजी, रायगड जिल्ह्यातील कोलाड आणि गोव्यातील वेर्णे यांच्यामध्ये भरलेले ट्रक आगगाडीवरून नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. हे नाव इंग्रजीतून आले असून त्याचा अर्थ चाकांवर चढणे आणि चाकांवरच उतरणे असा आहे. कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे तिन्ही घाट झोपेत पार होतात, डिझेल आणि टायर वाचतात, हे तिचे साधे गणित होते.

चढवण्याचा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. फलाटाच्या टोकाशी असलेल्या उतारावरून पहिला ट्रक सपाट डब्यावर येतो आणि थांबत नाही; पुढच्या डब्यांवरून, मधल्या फटींवरील लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट करीत तो थेट गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, कारण त्याच्यामागे सारी रांग उभी असते. डब्याची रुंदी ट्रकच्या रुंदीहून फारशी अधिक नसल्याने क्लीनर पुढे उलटे चालत हाताने खुणा करतो आणि ड्रायव्हर दोन्ही आरशांत आळीपाळीने पाहत इंच-इंच पुढे सरकतो. मग हातब्रेक ओढायचा, गिअर अडकवून ठेवायचा, चाकांना ठोकळे लावायचे आणि साखळ्या ताणायच्या. इंजिन बंद होते, पण ड्रायव्हर आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच राहतात, आणि रेल्वेच्या आरंभकाळातल्या धनिकांप्रमाणे स्वतःच्या वाहनात बसून दुसऱ्याच्या वाहनाने प्रवास करतात.

खरी परीक्षा उंचीची असते. सपाट डब्याचा पृष्ठभाग रुळांपासून मीटरभराहून वर असतो, त्यावर ट्रक, ट्रकवर माल आणि मालावर ताडपत्री; बोगदा मात्र माथ्याकडे कमानीसारखा निमुळता होत जातो, त्यामुळे ट्रकच्या मधल्या भागाला जागा पुरली तरी वरचे दोन कोपरे अडतात. या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत, आणि रत्नागिरीजवळचा करबुडे येथील सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा बरीच वर्षे देशातील सर्वांत लांब होता. पीर पंजालच्या बोगद्याने २०१३ साली त्याचा मान घेतला. म्हणून चढण्यापूर्वीच ट्रकाच्या भाराची उंची-रुंदी मापून घ्यावी लागते, आणि बसत नसेल तर माल उतरवावा लागतो किंवा घाटाची वाट धरावी लागते. २०२२ साली संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून वर २५,००० व्होल्टची तार आहे, त्यामुळे वाऱ्याने सुटलेली ताडपत्री सारखी करायला टपावर चढण्याची जुनी सवय आता प्राणघातक ठरू शकते.

ट्रकांसाठी असलेली ही सोय खासगी मोटारींना मिळायला पाव शतक लागले. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर, २३ ऑगस्टपासून, कोकण रेल्वेने कोलाड-वेर्णे याच टप्प्यावर मोटारींची रो-रो सुरू केली. २० डब्यांवर प्रत्येकी दोन अशा ४० मोटारी, दर मोटारीमागे ७,८७५ रुपये, आणि प्रवाशांनी मोटारीत न बसता जोडलेल्या डब्यांतून वेगळ्या तिकिटाने यायचे, असा तिचा आराखडा होता. नंतर सिंधुदुर्गातील नांदगाव रोड येथे चढ-उताराची भर पडली. सणाला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सर्वाधिक मोटारी ज्या जिल्ह्यांकडे वळतात त्यांत रत्नागिरी मोडते, आणि आरंभीच्या आराखड्यात मात्र मोटार येथे उतरवण्याची सोय नव्हती. आपल्या गावाच्या स्थानकातून आपली मोटार पुढे जाताना पाहण्यासाठी कोणी इतके पैसे मोजणार नाही, हे सांगायला रेल्वेशास्त्राची गरज नव्हती.

सांगडीच्या कुळातली सर्वांत धाकटी पाती ही रस्त्यावरची आहे. अमेरिकेत १९४५ साली लेनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी ‘यू-हॉल’ ही संस्था काढून, बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मोटारीमागे लावायचा ट्रेलर भाड्याने देण्याची आणि तो दुसऱ्याच गावी परत करण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे बिऱ्हाड टेम्पोतून ड्रायव्हरसकट हलत असल्याने ती रीत रुजली नाही; भाड्याचा ट्रेलर येथे आला तो घरासाठी नव्हे, तर जांभ्याच्या खाणी आणि महामार्गाचे चौपदरीकरण यांच्यासाठी, पोकलेनच्या सेवेला. ‘पोकलेन’ हे मुळात १९२७ साली स्थापन झालेल्या एका फ्रेंच कारखान्याचे नाव असून, लार्सन अँड टुब्रोने त्याची यंत्रे भारतात बनवल्यामुळे पट्ट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक खोदयंत्राला ते चिकटले. जेसीबी रबरी चाकांवर असल्याने स्वतः रस्त्याने जाते; पोकलेनचे लोखंडी पट्टे डांबर उखडतात, त्याची चाल माणसाच्या चालीइतकी असते, आणि वीस टनी यंत्राची रुंदी २.८ मीटरच्या घरात जाते, तर रस्त्यावरील वाहनाला नियमाने साधारणतः २.६ मीटरचीच मुभा आहे. म्हणून त्याला ‘लो-बेड’ लागतो, म्हणजे पुढची मान उंच, मागची चाके बुटकी आणि मधली पाठ जवळजवळ जमिनीला टेकलेली असा ट्रेलर.

त्यावर पोकलेन चढवताना ऑपरेटर यंत्र उताराच्या रेषेत आणतो, बकेट पुढे पसरतो आणि पट्टे सावकाश वर घेतो. उताराचा माथा आला की यंत्राचा निम्मा भाग हवेत तरंगतो, क्षणभर ते कोणत्या बाजूला जाईल हे ठरत नाही, आणि तेवढ्यात तो बकेट ट्रेलरच्या पाठीवर हलकेच टेकवून, जणू एका हाताने आधार घेत, वीस टनांचे वजन पुढे झुकवतो. नंतर भार चाकांच्या किंचित पुढे येईल असा सरकवतात, कारण तो मागे राहिला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा हलू लागतो, आणि शेवटी हात दुमडून साखळ्या ताणतात; मधोमध, घट्ट आणि रुंदीच्या हिशेबात. इतके करूनही हा ट्रेलर दाभोळच्या धक्क्यावर सहसा दिसणार नाही, कारण दोन टोकांच्या चाकांमध्ये लोंबणारी त्याची लांब पाठ धक्क्याच्या उताराच्या तोंडाशीच टेकण्याची धास्ती असते. दापोलीकडून गुहागरला निघालेले पोकलेन म्हणूनच खाडीकाठी डावीकडे-उजवीकडे पाहत बसत नाही, चिपळूणचा वळसा घेते.