विहीर जुनी, पंप नवा

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळी, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईसाहेब भोसले यांनी ती बांधविली. पुढे आपल्या मुलखातल्या विहिरींवरच्या मोटा गेल्या, तेलावरची इंजिने आली, मग विजेचे पंप आले. पण पंप नवा आणला म्हणून कुणा शेतकऱ्याने विहीर बुजवल्याचे मी ऐकलेले नाही.

संगणकाची रीत मात्र उलटी. यंत्राचे अंग ही विहीर धरली, तर त्याच्याकडून काम करवून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, हा तिच्यावरचा पंप. इथे पंप बदलला की विहीरच टाकून द्या म्हणतात! १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. २०२१ सालच्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते, म्हणजे हजारपटीहून जास्त, आणि वर यंत्रातच सुरक्षेची एक खास सोय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने थांबविली. आदल्या दिवशी कामाला धड असलेली कितीतरी यंत्रे दुसऱ्या दिवशी म्हातारी ठरली. त्यांच्यात काही बिघडले नव्हते.

यंत्र जुने झाले हे ठरवायचे कुणी? माझे मूळ गाव वाळवे तालुक्यातले, तेव्हा या प्रश्नाचा एक इतिहास मला जवळचा आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी, संगणकाची योजना निघाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघे त्यात होते. गावोगाव संगणकाच्या खोल्या झाल्या. त्या खोलीतून शेतकऱ्याला बाजारभाव कळावा, शेतीचा सल्ला मिळावा, सगळे जग दिसावे, अशी मोठी उमेद होती. प्रत्यक्षात लोक विचारीत ते आपल्या उसाचे: तोड कधी, वजन किती भरले, खत किती मिळाले. कारखान्यावरची खेप वाचली, एवढ्यावर माणूस खूष होता.

यंत्रांची वये वाढत गेली. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला; त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. संगणक बाजूला ठेवून तेच काम त्यांनी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर चालविले. सगळे काम झाले, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाही तेच अधिक आवडले. संगणक विकणाऱ्या धंद्यातल्याच माणसांनी हे दाखवावे, याची मला मौज वाटते. काम चार आकड्यांचे होते. त्या कामापुरते बघितले तर ती यंत्रे जुनी झालेली नव्हती, पहिल्या दिवसापासूनच जास्तीची होती.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचे सांगतो. एका संस्थेच्या अडगळीत २००३ च्या सुमाराचा एक संगणक पडला होता. पेंटियम ४, ५१२ मेगाबाइट मेमरी, विंडोज एक्सपी. भंगारवाल्याला बोलावणे गेलेच होते. पण मोडी कागदांच्या काही रुमालांची यादी मी तरुणपणी त्यावर टाइप केली होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सांगलीला इंजिनिअरिंग शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, द्या माझ्याकडे." त्याने आधी यादीची नक्कल काढून घेतली, धूळ झाडली, आतला नाण्याएवढा सेल बदलला, आणि डेबियन या लिनक्सची २०२३ सालची बारावी आवृत्ती त्यावर चढविली. सेल मेल्यामुळे ते यंत्र दर वेळी सुरू होताना २००२ साल सांगत होते. इतिहासाच्या मास्तराच्या यंत्राने तरी तारखा चुकवू नयेत!

यंत्र चालले. लिहिणे, याद्या करणे, छापणे, सगळे नीट. इंटरनेट मात्र झेपेना. आजची वेबपाने एवढी जड झाली आहेत की एक उघडले की घरघर सुरू. जुने यंत्र फुकट असते असेही नाही. वीज जास्त खाते, आणि हार्ड डिस्क कधी दगा देईल याचा नेम नाही. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेली डेबियनची तेरावी आवृत्ती असल्या ३२ बिटी यंत्रांवर बसतच नाही. लिनक्सचा जन्म १९९१ साली ज्या ३८६ चिपवर झाला, तिला तरी लिनक्सने २०१२ अखेर निरोप दिलाच की. म्हणजे आपण मिळवतो ती मुदतवाढ.

खरा घाव दुसरीकडेच बसला. यादी उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच! त्या काळचे आमचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी वळणे बसवीत. फाँट असला तर 'क' दिसे, नसला तर भलतेच काही. भारतीय लिप्यांसाठी इस्कीची प्रमाण संहिता १९९१ साली ठरली होती, त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरी आली. पण आम्ही टाइप करणाऱ्यांनी दिसते ते अक्षर खरे मानले. यंत्राच्या म्हातारपणावर इलाज निघाला, मराठी मात्र कुलपातच राहिली.

विद्यार्थ्याने अक्षर बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बहुतेक नोंदी देवनागरीत परत आल्या. जोडाक्षरांत मात्र अजून घोळ आहे, आणि काही ठिकाणी र्‍हस्व की दीर्घ, रफार कुठल्या अक्षरावर, हे कळत नाही. त्या नोंदींवर मी खूण करून ठेवली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मूळ रुमाल पुन्हा सोडायचे आहेत.