मधूच्छिष्टविधान

मधूच्छिष्टविधान : मेणाच्या प्रतिकृतीवरून धातूची मूर्ती ओतण्याची प्राचीन भारतीय पद्धती. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. त्याची मूर्ती प्रथम घडवून तिच्यावर मातीचे लेप चढवितात, ते छायेत वाळवितात, आणि साचा तापवून मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. शेवटी साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते.

चोल राजवटीतील नटराजादी उत्सवमूर्ती याच रीतीने घडल्या. त्यांचा एक मोठा संग्रह तंजावरास, नायकांनी बांधलेल्या व पुढे भोसल्यांचे निवासस्थान झालेल्या वाड्यात आहे. कुंभकोणमनजीकच्या स्वामिमलई येथील स्थपती ही परंपरा आजही चालवितात. तथापि या विधीचे तपशीलवार वर्णन, ज्यांच्या अंमलाखाली बीडचा मुलूखही होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथात आढळते : मेण आधी तोलून, रुप्याची मूर्ती असल्यास त्याच्या १२ पट व सोन्याची असल्यास १६ पट धातू घ्यावा, असे प्रमाण तेथे सांगितले आहे.

बीड जिल्ह्यातील प्राचीन मूर्तिवैभव मुख्यतः पाषाणाचे असून, अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे व धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर ही त्याची ठळक उदाहरणे होत. धातूतील देवता येथे घरोघरच्या देव्हाऱ्यांत वसते : ओताऱ्यांचे पितळी देव आणि योगेश्वरी, खंडोबा आदी कुलदैवतांचे टाक. मात्र टाक ओतीव नसून पत्र्यावर ठशाने उठविलेला असतो.