परत यायला शाळा हवी

फिलाडेल्फियात नवीन आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "शाळा कुठली?" सुरुवातीला मला वाटायचं, हे आपल्या शिक्षणाबद्दल विचारताहेत. मी उत्साहाने कॉलेजचं नाव सांगायचो. समोरचा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा, "हो, पण हायस्कूल?" पुढे लक्षात आलं की आपल्याकडे 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाला जे काम असतं, ते इथे या प्रश्नाला आहे. शाळेचं नाव कळलं की माणसाची गल्ली कळते, पॅरिश (वसईकडचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात ते) कळतं, बाप काय करत असेल याचाही अंदाज येतो. इथल्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या नावाबरोबर हायस्कूल आणि वर्ष छापलेलं असतं. पन्नास वर्षं नोकरी केली ती कंपनी कधी कधी राहून जाते, शाळा राहत नाही.

या शाळांपैकी एकीबद्दल आज लिहायचं आहे. नॉर्थईस्ट कॅथलिक हायस्कूल फॉर बॉइज. सगळे तिला 'नॉर्थ कॅथलिक' किंवा नुसतं 'नॉर्थ' म्हणतात. केन्सिंग्टनच्या पलीकडे आणि फ्रँकफर्डच्या अलीकडे, टॉरिसडेल अ‍ॅव्हेन्यूवर, १९२६ साली ती उघडली आणि जून २०१० मध्ये बंद झाली. माजी विद्यार्थी अजूनही जमतात. मला कुतूहल वाटलं ते याचंच, की 'होमकमिंग' साजरं करायला मुळात होम शिल्लक नसेल तर माणसं नेमकी कुठे परत येतात?

आधी होमकमिंग या प्रकाराविषयी थोडं. इथे शरद ऋतूत प्रत्येक शाळा-कॉलेजात एक शनिवार त्यासाठी राखलेला असतो. जुने विद्यार्थी येतात, फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन, हाताने खेळायच्या फुटबॉलचा) सामना होतो, रात्री नाच. याची सुरुवात कुणी केली यावर वाद आहेत. बेलर विद्यापीठ १९०९ सांगतं, इलिनॉय १९१० सांगतं, पण सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट मिसुरी विद्यापीठाची. १९११ साली तिथले क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांना 'घरी या' असं आवाहन केलं. नऊ हजारांवर माणसं आली आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. तिकडे कॅन्ससमध्ये हजारभर लोक तारेने येणाऱ्या बातम्या ऐकत उभे होते म्हणे!

पण मला त्याहून जवळची वाटते ती याच्या बारा वर्षं आधीची हकीकत. १८९९ साली न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर फ्रँक रॉलिन्स यांनी 'ओल्ड होम वीक' सुरू केला. तिथली शेती परवडेना, तरुण माणसं बॉस्टनला नाहीतर पश्चिमेकडे निघून गेली, गावं ओस पडली. गेलेल्यांनी वर्षातून एक आठवडा यावं, गाव बघावं, जमलं तर चार पैसे गावासाठी सोडून जावं, अशी ती कल्पना. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी म्हणजे दुसरं काय? देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडली की तो परत परळला. थोडक्यात, घरी परतण्याचे सण तिथेच मूळ धरतात जिथून माणसं निघून गेलेली असतात.

आता नॉर्थची गोष्ट. केन्सिंग्टनमध्ये शाळेवरून रक्त सांडलेलं आहे. १८४० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत रोज बायबल वाचलं जाई, तेही प्रॉटेस्टंटांचं. आमच्या मुलांना आमच्या आवृत्तीचं बायबल वाचू द्या, असं १८४२ साली बिशप केनरिक यांनी शाळा-नियामकांना कळवलं. त्यावरून 'हे कॅथलिक शाळेतून बायबलच हद्दपार करायला निघालेत' अशी आवई उठली. १८४४ च्या मे महिन्यात केन्सिंग्टनमध्ये दंगल पेटली. आयरिश वस्तीतली घरं जाळली, सेंट मायकलचं चर्च जाळलं, शहरातलं सेंट ऑगस्टिनचं चर्चही गेलं. जुलैमध्ये पुन्हा दंगल. पुढे बिशप जॉन न्यूमन यांनी धर्मप्रांताच्या शाळांची घडी बसवली, १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक पॅरिशला शाळा काढायला सांगितलं, आणि १८९० मध्ये ब्रॉड आणि व्हाइन रस्त्यांच्या चौकात रोमन कॅथलिक हायस्कूल उघडलं. टॉमस केहिल या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून निघालेली ही मुलांची मोफत शाळा. 'आम्हाला तुमच्या शाळेत नीट बसू देत नसाल तर आम्ही आमची काढतो', या एका हट्टातून हे सगळं उभं राहिलं.

कार्डिनल डेनिस डॉहर्टी १९१८ ते १९५१ अशी तेहेतीस वर्षं फिलाडेल्फियाचे आर्चबिशप होते. इतकं बांधकाम केलं की त्यांना 'देवाचा गवंडी' म्हणायचे. नॉर्थ ही त्यांच्याच काळातली. चालवायला दिली ऑब्लेट्स ऑफ सेंट फ्रान्सिस डी सेल्स या संघाच्या धर्मगुरूंकडे. (नागपूरकरांचे कान टवकारले असतील. तिथलं १८७० चं 'एसएफएस' याच संताच्या नावाचं, पण ते चालवणारा संघ वेगळा. संत एक, संघ दोन.)

शाळेचं अर्थशास्त्र समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. शिकवणारे बहुतेक धर्मगुरू. त्यांनी दारिद्र्याची शपथ घेतलेली, म्हणजे पगार जवळपास नाहीच. उरलेला खर्च पॅरिशा वाटून उचलायच्या. रविवारी मिस्साला फिरणाऱ्या टोपलीत गिरणीकामगार जे टाकायचा त्यातून त्याच्या पोराचं आणि शेजाऱ्याच्याही पोराचं हायस्कूल चालायचं. अनेक दशकं फी अशी नव्हतीच. भोवताली कापडगिरण्या, स्टेट्सनचा प्रचंड हॅटचा कारखाना, फ्रँकफर्डचा दारूगोळा कारखाना. १९५३ साली नॉर्थमध्ये ४,७२६ मुलगे शिकत होते. मुलांची कॅथलिक शाळा म्हणून जगातली सर्वांत मोठी, असं तिच्याबद्दल सांगितलं जाई. एका इमारतीत पावणेपाच हजार पोरगे! त्या जिन्यांवर मधल्या सुट्टीत काय होत असेल, कल्पनाच केलेली बरी.

मुलग्यांच्याच शाळेत होमकमिंगचा नाच कसा होणार, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की मुली शेजारच्या कॅथलिक शाळांतून येत. लिटल फ्लॉवर, सेंट ह्यूबर्ट या मुलींच्या शाळा. शेकडो घरांचा इतिहास असा की आजोबा नॉर्थचे आणि आजी लिटल फ्लॉवरची. आणि इथला खरा मेळावा शनिवारी होत नसे, थँक्सगिव्हिंगच्या सकाळी होई. जवळच्याच सरकारी फ्रँकफर्ड हायस्कूलशी त्या दिवशी फुटबॉलचा सामना असे. यात व्यवहार आहे. नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी सगळे तसेही आईच्या घरी जेवायला आलेले असतात. सकाळी घरातल्या बाया टर्की भट्टीत घालून स्वयंपाकाला लागलेल्या, पुरुषमंडळी पायांत येतात म्हणून मैदानावर पिटाळलेली. वेगळं निमंत्रण लागत नाही.

या शहरातल्या शाळांचं माजी विद्यार्थ्यांचं जग फार साधं आहे. हार्वर्डच्या मेळाव्यासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. 'बीफ अँड बीअर' नावाचा प्रकार असतो. चर्चचा किंवा युनियनचा हॉल भाड्याने घ्यायचा, पावात रोस्ट बीफ, पिंपातली बीअर, तिकीट काढून आत, वर सोडत. कुणाचं घर जळलं, कुणाला कॅन्सर झाला, कुणाच्या मागे तीन लेकरं राहिली, की असा एक बीफ अँड बीअर होतो. वर्षातून एकदा गेलेल्या मित्रांसाठी मिस्सा होते. येणारे कोण? निवृत्त पोलीस, अग्निशामक दलातले, छापखान्यातले, प्लंबर, एखादा न्यायाधीश. न्यायाधीशालाही तिथे टोपणनावानेच हाक मारतात. जात-वर्गाचा विचार करायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे बघायला आवडतं. अर्थात सगळी मंडळी एकाच रंगाची आणि साधारण एकाच गल्लीतली होती, हेही सोबत दिसतंच.

मग बिनसलं कुठे? कारखाने गेले. स्टेट्सन १९७१ मध्ये बंद झाला, दारूगोळ्याचा १९७७ मध्ये. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या वर्षांत धर्मगुरू होणाऱ्यांची संख्या घसरत गेली. शपथ घेतलेल्या फुकट्या मास्तरांच्या जागी संसारी शिक्षक आले, त्यांना पगार हवा, पगारासाठी फी आली, फी वाढत गेली. तोवर नॉर्थमध्ये शिकलेल्यांनी उपनगरांत घरं घेतली होती. जुन्या गल्ल्यांत नवी माणसं राहायला आली, त्यातली बरीच कॅथलिक नव्हती आणि होती त्यांनाही फी परवडत नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये कार्डिनल रिगाली यांच्या धर्मप्रांताने जाहीर केलं की नॉर्थ आणि कार्डिनल डॉहर्टी या दोन्ही शाळा पुढच्या जूनमध्ये बंद. नॉर्थमध्ये तेव्हा ५५१ मुलं होती.

इथे मला एक गणित महत्त्वाचं वाटतं. १९५३ मध्ये जी पोरं त्या जिन्यांवर होती ती २००९ मध्ये सत्तरी ओलांडलेली. म्हणजे निवांत, पेन्शनीत, मित्रांना भेटायला आसुसलेली. वर्ग रिकामे होत गेले त्याच वर्षांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागले असणार, कारण निवृत्तांची सर्वांत मोठी लाट नेमकी तेव्हाच येत होती. होमकमिंगच्या गर्दीवरून शाळेची तब्येत कळत नाही, ती याच कारणाने. गर्दी साठ वर्षांपूर्वीची असते, पटावरची संख्या आजची.

प्रेम कमी पडलं म्हणून शाळा गेली, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. 'रोमन' १९८६ साली बंद करायचं ठरलं होतं, तेव्हा माजी विद्यार्थी उभे राहिले आणि ती वाचली. आजही चालू आहे. २०१२ च्या जानेवारीत आणखी चार हायस्कुलं बंद करण्याची शिफारस झाली, त्यांत मॉन्सिन्योर बॉनर आणि वेस्ट कॅथलिकही होत्या. सात आठवड्यांत एक कोटी वीस लाख डॉलर्सची आश्वासनं जमली आणि आर्चबिशप शपू यांनी चारही शाळा चालू ठेवल्या. मग दोनच वर्षं आधी नॉर्थचं तसं का झालं नाही? मला वाटतं, जागा. रोमन शहराच्या मध्यावर आहे, भुयारी रेल्वेने कुठूनही मुलगा येऊ शकतो. नॉर्थ ही तिच्या भोवतीच्या पॅरिशांची शाळा होती. त्या पॅरिशा आटल्या की तिच्याकडे दुसरी वाट नव्हती. आणि दुसरं म्हणजे वेळ. २०१२ मध्ये शिफारस आणि निर्णय यांच्यात थोडी फट होती, तिच्यातून पैसा आत शिरला.

आमच्या लालबागच्या बाजूला हे सगळं ओळखीचंच आहे. माझी शाळा मराठी माध्यमाची, गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारी. १९८२ च्या संपानंतर वस्ती पांगली, डोंबिवली, विरार, पनवेल. मेळाव्याला हॉल पुरत नाही, एकसारखे टी-शर्ट छापतात, निवृत्त बाईंना शाल-श्रीफळ देताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि पहिलीचा वर्ग भरत नाही. गेल्या मेळाव्यात डिजिटल फळ्यासाठी वर्गणी काढायचं ठरलं. तेव्हा सध्याच्या मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "फळा नको, मुलं आणा." सगळे हसले. त्या हसत नव्हत्या.

नॉर्थची इमारत पडली नाही. तिथे आता मारियाना ब्रासेटी अ‍ॅकॅडमी ही चार्टर शाळा भरते. मुलं-मुली दोन्ही, आणि फी नाही! केन्सिंग्टनच्या कामगाराच्या पोराला जवळ, मोफत शाळा हवी होती म्हणून ती इमारत उभी राहिली होती, ते काम ती पुन्हा करते आहे, फक्त पोरांची आडनावं आयरिश राहिलेली नाहीत. जुन्या मंडळींना याचं समाधान वाटतं की दुःख, हे माणसागणिक बदलतं. एकाने मला सांगितलं की तो गाडी तिथून नेतच नाही. दुसरा मुद्दाम नेतो.

माजी विद्यार्थी संघ मात्र शाळेबरोबर बंद झाला नाही. चेस्टरची सेंट जेम्स ही मुलांची शाळा १९९३ मध्ये गेली, पश्चिम फिलाडेल्फियातली सेंट टॉमस मोर त्याच्याही आधी, १९७५ मध्ये. शाळा गेल्यावरही त्यांची मुलं जमत राहिली. शाळा नसलेल्या अशा संघांचं मुख्य काम म्हणजे शिष्यवृत्त्या. जमा झालेला पैसा दुसऱ्या, चालू असलेल्या कॅथलिक शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या फीसाठी जातो. मिस्सा होते, बीअर होते, यादीत नवी नावं येत नाहीत. नॉर्थची शेवटची तुकडी २०१० ची, म्हणजे १९९२ च्या आसपास जन्मलेली पोरं. त्यांतला शेवटचा ऐंशीचा होईल तेव्हा २०७२ उजाडलेलं असेल. तोवर फिलाडेल्फियात "शाळा कुठली?" या प्रश्नाला 'नॉर्थ' हे उत्तर मिळत राहील.