सात सेकंदांचा फोटो

१९९५मध्ये डीव्ही टेप आली आणि कॅमकॉर्डरवर ‘फोटो’चं बटण दिसू लागलं. सुरुवातीला मेमरी कार्ड नसायचं, त्यामुळे बटण दाबलं की एक फ्रेम गोठायची आणि तीच सुमारे सात सेकंद टेपवर उतरायची. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती ७२० बाय ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पिक्सेल. दिवसा चालून जायचं. रात्री इवल्याशा सेन्सरला प्रकाश पुरायचा नाही; कॅमेरा सिग्नल वाढवायचा आणि चेहऱ्यावर दाणे नाचायचे.

१९९८मध्ये सोनीच्या नाइटशॉटने सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकवला. अंधारात दिसू लागलं, पण माणसं हिरवी. (नवरीसुद्धा.)

मला हळहळ वाटते ती त्या बटणाची. सात सेकंदांत १७५ फ्रेम, पण सगळ्या एकीच्याच नकला; दाणेही तेच. नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवलं असतं तर दर फ्रेममधले दाणे वेगळे पडले असते, आणि अशा १६ फ्रेमची सरासरी काढली की ते साधारण एक चतुर्थांश उरतात. तुमच्या फोनचा नाइट मोड मुळात हेच करतो. तेव्हा घरात जुनी टेप असेल आणि समईच्या उजेडात आजी स्थिर बसलेली असेल, तर तिचा ‘फोटो’ सोडा, त्याच्या आधीचा व्हिडिओ शोधा. जरा लवकर; टेप वाचणारा चालू कॅमेरा मिळणं अवघड होत चाललंय.