टेबलावर जेवायला येतील म्हणून

आमच्या शाळेत एक मुलगा होता. पावसाळा लागला की गुडघे धरून भिंतीला टेकून बसायचा. कवायत नाही, कबड्डी नाही. मास्तर म्हणायचे, कामचुकार आहे. आम्हीही तेच म्हणायचो. त्याला सिकलसेल होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. विदर्भातल्या मंडळींना हा आजार ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो: रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं आतून फुटल्यागत दुखतात. आईबाप दोघांकडूनही दोषी जनुक आलं तरच मूल आजारी पडतं.

त्या मुलामुळे वाचत गेलो आणि पोचलो थेट वॉशिंग्टनला, डॉ. रोलँड स्कॉट या कृष्णवर्णीय बालरोगतज्ज्ञापाशी. हा माणूस आपल्याकडे कुणाला फारसा माहीत नाही.

स्कॉट हॉवर्ड विद्यापीठात शिकले आणि तिथंच शिकवू लागले. विद्यापीठाशी जोडलेलं फ्रीडमेन्स हॉस्पिटल हे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी १८६० च्या दशकात निघालेलं. १९३९ साली स्कॉट आणि त्यांचे सहकारी डॉ. अलोन्झो डीग्राथ स्मिथ यांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सदस्यत्व मागितलं. दोघंही तज्ज्ञतेची परीक्षा पास झालेले. अर्ज नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. संघटनेच्या जुन्या इतिवृत्तात एका सभासदाची चिंता नोंदलेली आहे: यांना आत घेतलं तर हे आपल्यासोबत टेबलावर जेवायला येतील.

हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला. पंगत वेगळी मांडणं म्हणजे काय, हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

१९४५ मध्ये शेवटी दोघांना घेतलं. तुम्ही म्हणाल, दोन डॉक्टरांच्या सभासदत्वाचा पोरांच्या तब्येतीशी काय संबंध? संबंध असा, की कोणता आजार महत्त्वाचा, पैसा कशावर खर्चायचा, हे ठरतं ते त्याच टेबलावर. स्कॉट यांच्याकडे काळी लेकरं यायची. हातपाय सुजलेली, वेदनेनं किंचाळणारी. डॉ. जेम्स हेरिक यांनी शिकागोत या वाकड्या पेशींचं वर्णन १९१० सालीच छापलं होतं. माहिती होती, पण कुणाला घाई नव्हती.

१९७० साली स्कॉट यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. रडगाणं नाही, नुसता हिशेब. १९६७ सालच्या अंदाजानुसार देशात सिकलसेलची नवी प्रकरणं १,१५५. सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे मुख्यतः गोऱ्या मुलांना होणाऱ्या आजाराची, १,२०६. जवळजवळ सारखीच. लोकांकडून जमलेली देणगी मात्र सिस्टिक फायब्रोसिसला १९ लाख डॉलर आणि सिकलसेलला एक लाखही नाही. स्नायूंच्या डिस्ट्रॉफीची प्रकरणं ८१३, तिला ७९ लाख. या आकड्यांपुढे भाषणाची गरजच नव्हती. १९७२ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी कायदा झाला आणि केंद्रांसाठी सरकारी पैसा आला.

उशिराची किंमत काय, तेही बघा. या आजारात प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून लहान बाळं साध्या जंतुसंसर्गानं दगावतात. १९८६ मध्ये एका चाचणीत दिसलं की रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं तर हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. पेनिसिलिन! चाळीस वर्षांपासून हाताशी असलेलं स्वस्त औषध. आणि ते वेळेवर द्यायचं तर जन्मतःच रक्त तपासायला हवं. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत ती तपासणी सुरू व्हायला २००६ उजाडलं.

२०१९ साली याच अकॅडमीनं अधिकृत निवेदन काढलं, की वंशभेद मुलांच्या तब्येतीवर परिणाम करतो: सततच्या ताणानं शरीरातली संप्रेरकं बिघडतात, त्याची सुरुवात आईच्या पोटातच होऊ शकते. २०२० मध्ये स्मिथ आणि स्कॉट यांच्याबाबत जाहीर माफी मागितली. दोघंही तेव्हा हयात नव्हते. मला या माफीपेक्षा २०२१ सालची गोष्ट जास्त मोलाची वाटते. बाळाला ताप आला तर लघवीतला संसर्ग शोधायचा की नाही, हे ठरवताना संघटनेच्या मार्गदर्शिकेत कातडीचा रंगही मोजला जायचा आणि काळ्या बाळाचा धोका कमी धरला जायचा. ती मार्गदर्शिका त्यांनी मागे घेतली. म्हणजे पंक्तिभेद नुसता जेवणाच्या टेबलावर नव्हता, तपासणीच्या टेबलावरही होता.

आणि गंमत म्हणजे, सिकलसेल हा 'काळ्यांचा आजार' नाहीच. जिथं मलेरिया होता तिथं हे जनुक टिकलं: आफ्रिका, ग्रीस, अरबस्तान, भारत. निलगिरीतल्या आदिवासींत ते १९५२ सालीच सापडलं. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांत ते आहे. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं जुलै २०२३ मध्ये. १९५२ ते २०२३. बोटं मोजा.

तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. गावातले जुने लोक ही पोस्ट वाचत असतील तर त्याचं पुढं काय झालं ते मला सांगा, कमेंटमध्ये नको, फोन करा.