फुकटचं इंजिन आणि जॉर्डनचे पंधरा सीझन

आजचा विषय फॉर्म्युला वन. पण आधीच सांगून ठेवतो, आज ओव्हरटेक कमी आणि उधारी जास्त आहे. रेसिंगवरच्या डॉक्युमेंटरीत ड्रायव्हर हेल्मेट घालताना स्लो मोशनमध्ये दिसतो. इंजिनवाल्याला चेक कोणी दिला आणि तो वटला का, हे कोणी दाखवत नाही. आज आपण तेच बघू.

टीमचं नाव जॉर्डन. मालक एडी जॉर्डन, आयर्लंडचा माणूस. आधी डब्लिनला बँकेत क्लार्क, मग स्वतः रेसर, मग खालच्या लेव्हलच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये आणि फॉर्म्युला थ्री थाउजंडमध्ये टीम चालवणारा. बोलण्यात एकदम पटाईत. समोरच्याच्या खिशातून पैसे काढायचे आणि वर त्यालाच वाटायला लावायचं की आपला फायदा झाला, अशातला. 1991 मध्ये हा गडी फॉर्म्युला वनमध्ये उतरला.

गॅरी अँडरसनने डिझाइन केलेली त्यांची पहिली गाडी, जॉर्डन 191, आजही लोक सर्वात सुंदर गाड्यांच्या यादीत टाकतात. आधी तिचं नाव 911 ठेवणार होते, पोर्शने हरकत घेतली म्हणून आकडे फिरवले. रंग हिरवा, कारण स्पॉन्सर सेव्हन अप. मागे कॉसवर्थने बनवलेलं फोर्डचं व्ही-8 इंजिन. नव्या टीमला तेव्हा शुक्रवारी सकाळी प्री-क्वालिफाइंग नावाची चाळणी पार करावी लागायची, नाहीतर तिथूनच घरी. ती पार करत करत या लोकांनी पहिल्याच वर्षी 13 पॉइंट्स मिळवले आणि टीम्सच्या यादीत पाचवा नंबर काढला. बेल्जियमला स्पा ट्रॅकवर तर आंद्रेआ दे चेझारिस दुसऱ्या नंबरवर सेनाच्या मागे लागला होता. शेवटच्या काही लॅप उरल्या आणि इंजिन गेलं.

आता गंमत बघा. ते इंजिन विकतचं होतं.

इथे दोन मिनिटं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. फॉर्म्युला वनमध्ये इंजिन दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे कंपनी तुम्हाला आपली टीम मानते, इंजिन फुकट किंवा जवळपास फुकट देते, वर इंजिनिअर पाठवते. याला वर्क्स डील म्हणतात. दुसरं म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक. पैसे मोजा, इंजिन घ्या. वापरून झालं की रिबिल्डला परत पाठवा, त्याचे परत पैसे. नवीन पार्ट आला की आधी वर्क्स टीमला, मग उरलंसुरलं तुम्हाला. 1991 मध्ये फोर्डची लाडकी टीम बेनेटन होती. जॉर्डन गिऱ्हाईक.

म्हणजे सीझन झकास गेला आणि टीम कर्जात गेली. कॉसवर्थचं बिल थकलं. पाचवा नंबर आला म्हणून बिल माफ होत नाही.

तेवढ्यात यामाहा आली. त्यांचं व्ही-12 इंजिन, फुकट. एडीने हो म्हटलं. माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले इथे लगेच मान डोलावतील. एखादा क्लाउड प्रोव्हायडर सांगतो, आमच्याकडे या, पहिलं वर्ष क्रेडिट्स फ्री. मॅनेजमेंट खूश. मग तीन महिने रात्रंदिवस सगळा कोड हलवायचा कोणी? आम्ही. मी या फ्री क्रेडिट्सच्या दोन मायग्रेशन केल्या आहेत, दोन्ही वेळेला दिवाळी ऑफिसात. आणि गाडीत हे आणखी वाईट असतं, कारण रेसिंग कारमध्ये इंजिन नुसतं आत ठेवलेलं नसतं. पुढचा सांगाडा ड्रायव्हरच्या पाठीशी संपतो, तिथे इंजिन बोल्टने बसतं, इंजिनला गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला मागचं सस्पेन्शन. म्हणजे इंजिन हाच गाडीचा कणा. व्ही-8 काढून व्ही-12 घातलं की लांबी बदलली, वजन बदललं, रेडिएटर बदलले, पेट्रोलची टाकी मोठी झाली. अख्खी गाडी नव्याने.

आणि त्याच उन्हाळ्यात एक मुलगा हातातून गेला. जॉर्डनचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याच्या तोंडावर सीएस गॅस मारल्याबद्दल जेलमध्ये गेला, त्याच्या जागी स्पाला एका रेसपुरता नवा पोरगा बसवला. मिखाएल शूमाखर. त्याला बसवायचे पैसेसुद्धा मर्सिडीजने एडीला दिले, एडीने दिले नाहीत. पोरगा पहिल्याच क्वालिफाइंगला सातवा आला. रेसमध्ये क्लच गेला, पहिल्याच लॅपला संपलं. आणि पुढच्या रेसला तो बेनेटनच्या गाडीत! कोर्टकचेरी झाली, पण गेला तो गेलाच. शूमाखरच्या बाजूच्या लोकांनी जी कारणं पुढे केली, त्यात एक हे होतं की जॉर्डन पुढच्या वर्षी यामाहा लावणार आहे. फुकटच्या इंजिनाची किंमत अशी गाडी बनायच्या आधीच वसूल व्हायला लागली.

1992 मध्ये काय झालं? पूर्ण सीझनमध्ये एक पॉइंट. एक! तोही शेवटच्या रेसला, ऑस्ट्रेलियात, स्तेफानो मोदेना सहावा आला म्हणून.

मग यात एडी चुकला का? मला पूर्वी वाटायचं, हो. आता नाही वाटत. यामाहा घेतली म्हणून टीम 1992 च्या शेवटी जिवंत होती. साउथ आफ्रिकेची सासोल कंपनी स्पॉन्सर म्हणून आली, ती पुढची दोन वर्षंही राहिली. चांगलं इंजिन ठेवलं असतं तर बहुधा 1992 ची पहिली रेस दिसलीच नसती. त्या काळात अशा कितीतरी छोट्या टीम्स बुडाल्या, त्यांची नावंही आज कोणाला आठवत नाहीत.

पुढची वर्षं भरभर सांगतो. 1993 आणि 94 ला ब्रायन हार्ट नावाच्या इंग्लिश माणसाच्या छोट्याशा कारखान्याचं इंजिन. त्यावर 94 ला परत पाचवा नंबर आला, आणि माझ्या मते यामाहानंतर हीच खरी कमाल होती. 1995 ला प्यूजो, जिला मॅक्लारेनने एका वर्षात सोडलं होतं. 1998 ला तर जवळपास अदलाबदलीच झाली. प्यूजो गेली फ्रेंच प्रोस्ट टीमकडे, आणि प्रोस्टचं मुगेन-होंडा आलं जॉर्डनकडे.

मधे 1996 ला मोठा स्पॉन्सर मिळाला होता, बेन्सन अँड हेजेस, सिगारेटवाले. त्यांच्यामुळे गाडी पिवळी झाली, नाकावर साप आला, मग गांधीलमाशी आली. काही देशांत तंबाखूची जाहिरात चालायची नाही, तिथे हे लोक नावातली काही अक्षरं गाळून ‘बी ऑन एज’ असं लिहायचे. सिगारेट विकायला एवढं डोकं चालवलं याचं वाईटही वाटतं, पण पोरं त्या गाडीवर फिदा होती हेही खरं.

आणि ऑगस्ट 1998, परत स्पा, धो धो पाऊस. सुरुवातीलाच डझनभर गाड्या एकमेकींवर आपटल्या. शेवटी डेमन हिल पहिला, राल्फ शूमाखर दुसरा, दोघेही जॉर्डनचे. हा टीमचा पहिला विजय, आणि दुसरा आलेला हा राल्फ म्हणजे त्याच हातातून गेलेल्या मिखाएलचा धाकटा भाऊ. 1999 ला हाइंझ-हाराल्ड फ्रेंट्झनने दोन रेस जिंकल्या, टीम तिसरी आली. नुरबुर्गरिंगला तो पुढे असताना गाडीची इलेक्ट्रिकल सिस्टिम बंद पडली नसती, तर चॅम्पियनशिपचं गणितही जमण्यासारखं होतं.

2001 ला होंडाने थेट फॅक्टरीचं इंजिन दिलं. स्वप्न पूर्ण, नाही का? पण तेच इंजिन होंडाने बीएआर टीमलाही दिलं होतं. दोन वर्षं दोघांना पळवून पाहिलं आणि 2002 च्या शेवटी होंडाने बीएआर ठेवली. जॉर्डनचे 2002 चे मुख्य स्पॉन्सर डीएचएल, तेही गेले. टीम परत विकतच्या फोर्डवर, म्हणजे 1991 च्याच जागी. फक्त आता खर्च कितीतरी पट वाढलेला.

एडीचा शेवटचा मोठा डाव होता व्होडाफोन. 2001 मध्ये त्यांच्याशी स्पॉन्सरशिपची बोलणी चालू होती. एडीचं म्हणणं असं की कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याने फोनवर ‘डील तुमचं’ असं सांगितलं. व्होडाफोन गेली फेरारीकडे. एडीने लंडनच्या हायकोर्टात 15 कोटी पौंडांचा दावा लावला. कागद नव्हता, सही नव्हती, फोनवरचा शब्द होता. 2003 मध्ये दावा मागे घ्यावा लागला, समोरच्याचा कोर्टखर्च डोक्यावर आला, आणि जजसाहेबांनी एडीच्या साक्षीवर जे ताशेरे ओढले ते वेगळेच. आयुष्यभर ज्या तोंडावर टीम चालवली, ते तोंड साक्षीच्या पिंजऱ्यात कामाला आलं नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्राझीलला पावसात जियांकार्लो फिझिकेला जिंकला. तेही नीट नशिबी नव्हतं. आधी रायकोनेनला विजेता ठरवलं, लॅपची मोजणी चुकली होती हे काही दिवसांनी कबूल केलं, आणि ट्रॉफी पुढच्या रेसला इमोलात हातात आली. रेस संपल्या संपल्या फिझिकेलाची गाडी पेटलीसुद्धा होती. विकतच्या इंजिनावर मिळालेला हा जॉर्डनचा शेवटचा विजय.

2004 ला फोर्डने कॉसवर्थ विकायला काढली. म्हणजे 2005 साठी इंजिनच नाही. टोयोटाने हात दिला, पण एडी थकला होता. जानेवारी 2005 मध्ये त्याने टीम मिडलँड ग्रुपला विकली. नाव आणखी एक सीझन राहिलं, आणि त्या शेवटच्या पिवळ्या गाडीत आपला नारायण कार्तिकेयन होता, टाटांचं पाठबळ घेऊन, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीमुळे फक्त सहा गाड्या पळाल्या, त्यात तो चौथा आला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. मिडलँडची स्पायकर झाली, स्पायकरची 2008 ला फोर्स इंडिया, मालक विजय मल्ल्या. फेरारीचं इंजिन एक वर्ष ठेवून 2009 ला मर्सिडीज घेतलं आणि त्याच वर्षी फिझिकेलाने स्पाला पोल मारला. 2011 ला सहारा आली. हो, गहुंजेच्या स्टेडियमवर जिचं नाव लागलं आणि पैसे थकले म्हणून उतरलं, तीच सहारा. 2018 ला टीम कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेली. देणेकऱ्यांमध्ये इंजिन देणारी मर्सिडीजही होती आणि स्वतःच्या पगारासाठी कोर्टात गेलेला ड्रायव्हर सर्जियो पेरेझही.

एडी जॉर्डन मार्च 2025 मध्ये गेला. सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या गेटसमोर त्याने टीमसाठी जी जागा घेतली, तिथेच आज अॅस्टन मार्टिनची मोठी चकाचक फॅक्टरी आहे. आणि 2026 पासून त्यांच्या गाडीत इंजिन कोणाचं? होंडाचं. या वेळी मात्र फक्त त्यांच्यासाठी.